दोघी २.०० वर, मग सोनं एकीलाच का? उंच उडीचं कार्ड कसं वाचायचं

प्रश्न थोडक्यात असा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या एका काकांनी आठवीतल्या नातीसोबत टोकियोच्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेतली (सप्टेंबर २०२५) महिलांची उंच उडीची फायनल बघितली. ऑस्ट्रेलियाची निकोला ऑलिस्लॅगर्स आणि पोलंडची मारिया झोजिक या दोघी २.०० मीटर गेल्या, तरी सोनं निकोलाला आणि रौप्य मारियाला. उलट युक्रेनची यारोस्लावा महुचिख आणि सर्बियाची अँजेलिना टोपिच या दोघी १.९७ वर थांबल्या, तर कांस्य दोघींनाही. 'एका जागी बरोबरी मोडायची आणि दुसऱ्या जागी ठेवायची, हे काय?' असं काकांचं म्हणणं. शिवाय नातीची तक्रार: आंतरशालेय स्पर्धेत तिघी १.३५ गेल्या आणि हिला तिसरी काढली. ती अजून कात्रीच मारते, म्हणजे बारवरून एकामागून एक पाय टाकून पायांवर उतरते. फॉस्बरी (पाठ बारकडे करून उलटं पलीकडे जायची पद्धत) कधी शिकवावी, उंची बेताची आहे तर हा खेळ तिचा आहे का, आणि ग्वाल्हेरात राहून काही होईल का, असे आणखी तीन प्रश्न आहेत.

काका, आधी छोटं उत्तर देते. बरोबरी मोडायचे दोन नियम आहेत आणि ते सगळ्या क्रमांकांना सारखेच लागतात. ते दोन्ही लावूनही बरोबरी राहिलीच, तर फक्त पहिल्या क्रमांकासाठी पुढची एक पायरी असते. बाकीच्या क्रमांकांना ती नाही, तिथे पदक वाटून देतात. निकोला आणि मारियाची बरोबरी या दोन नियमांतच मोडली, महुचिख आणि टोपिचची मोडली नाही. पंचांच्या हातात यात काहीच नव्हतं, चौघींची कार्डं, म्हणजे प्रत्येकीच्या प्रयत्नांची नोंद, जे सांगत होती तेच त्यांनी जाहीर केलं.

हे कार्ड टीव्हीवर नीट दाखवत नाहीत, म्हणून घोळ होतो. प्रत्येक उंचीला एक रकाना आणि त्यात तीन प्रयत्नांच्या तीन जागा. पार केली की गोळा, बार पाडला की फुली, उडी सोडून दिली की आडवी रेघ. लागोपाठ तीन फुल्या झाल्या की खेळ संपला, मग त्या एकाच उंचीवरच्या असोत की दोन उंच्यांवर मिळून. पहिला नियम: शेवटची जी उंची पार झाली, त्या रकान्यात कुणाच्या फुल्या कमी आहेत ते बघा. दुसरा नियम: तिथेही सारख्या असतील तर सुरुवातीपासून त्या उंचीपर्यंतच्या एकूण फुल्या मोजा. त्यानंतरच्या, म्हणजे जी उंची जमलीच नाही तिथल्या फुल्या धरत नाहीत.

शाळेच्या स्पर्धेतलं एक उदाहरण घेऊ. तीन मुली १.४५ गेल्या आणि तिघीही १.४८ ला बाद झाल्या. पहिलीने १.३० सहज काढली, १.३५ ला एक फुली, १.४० ला एकही नाही, १.४५ ला एक. दुसरीची १.३० आणि १.३५ कोरी, १.४० ला दोन फुल्या, १.४५ ला एक. तिसरीने १.३० सोडूनच दिली, १.३५ आणि १.४० पहिल्या झटक्यात, पण १.४५ ला दोन फुल्या. आता १.४५ चा रकाना बघा: पहिली आणि दुसरी एकेक, तिसरी दोन. तिसरी इथेच खाली गेली. वरच्या दोघींच्या एकूण फुल्या मोजल्या तर पहिलीच्या दोन, दुसरीच्या तीन. क्रमांक ठरले. तिसरीच्या एकूण फुल्याही दोनच आहेत, म्हणजे दुसरीपेक्षा कमी, तरी ती तिसरीच, कारण एकूण फुल्यांचा नंबर नंतर लागतो. पालक इथेच भांडायला येतात. तुमच्या नातीचं कार्ड मी पाहिलेलं नाही, पण तुम्हीच लिहिलंय की ती १.३५ तिसऱ्या प्रयत्नात गेली आणि बाकीच्या दोघी दुसऱ्या. मग निकाल बरोबर आहे. तिला आजच समजावून सांगा, मनात ठेवू देऊ नका.

मोठ्या स्पर्धांत हे नेहमीचं आहे. बीजिंगच्या २०१५ च्या जागतिक स्पर्धेत मारिया कुचिना, ब्लांका व्लाशिच आणि आना चिचेरोवा तिघी २.०१ गेल्या आणि सोनं, रौप्य, कांस्य तिन्ही फुल्या मोजून ठरलं. २०२२ ला यूजीनमध्ये एलेनॉर पॅटरसन आणि महुचिख दोघी २.०२, सोनं पॅटरसनला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महुचिख २.०० पहिल्याच प्रयत्नात गेली, निकोलाला त्याच उंचीसाठी जास्त प्रयत्न लागले, सोनं महुचिखला. त्याही फायनलला कांस्य वाटून दिलं होतं, १.९५ वर पॅटरसन आणि इरिना हेराश्चेन्कोला. म्हणजे निकोला ज्या उंचीवर पॅरिसला रौप्यावर थांबली, बरोबर त्याच उंचीवर टोकियोला जिंकली. उडी एक सेंटिमीटरनेही वाढली नाही, कार्ड स्वच्छ झालं.

याच्या शेजारी महुचिखचे आकडे ठेवून बघा. ७ जुलै २०२४ ला पॅरिसच्याच डायमंड लीगमध्ये ती २.१० गेली. स्टेफ्का कोस्टादिनोवाचा २.०९ चा विश्वविक्रम १९८७ च्या रोमच्या जागतिक स्पर्धेपासून टिकून होता, जवळजवळ सदतीस वर्षं. तो मोडला. महिना व्हायच्या आत तिने ऑलिंपिकचं सोनं २.०० वर घेतलं आणि पुढच्या वर्षी टोकियोला १.९७ वर कांस्य वाटून घेतलं. विक्रमाची उंची आणि पदकाची उंची यात हाताच्या पंजाएवढं अंतर राहतं. त्या दिवशी, त्या गर्दीत, आपली पाळी येईपर्यंत बसून राहून पहिल्याच प्रयत्नात बार न पाडणं, पदक त्यावर ठरतं. आमच्या मुलींना हे मी कार्ड दाखवूनच शिकवते. ज्या मुलीला तिसऱ्या प्रयत्नाची सवय लागलीय, ती सरावात कितीही उंच जात असली तरी स्पर्धेत मागे राहते.

बसून राहणं हा वेगळाच भाग आहे. फायनलला बारा-तेरा जणी असल्या की दोन उड्यांमध्ये दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. महुचिख तेवढ्या वेळात स्लीपिंग बॅगेत शिरून पडून राहते, हे तुम्ही पाहिलंच असेल. निकोला प्रत्येक उडीनंतर वहीत लिहिते आणि स्वतःला दहापैकी गुण देते. दोन्ही गोष्टींची लोक गंमत करतात, पण अंग गार पडू न देणं आणि डोकं मागच्या उडीत अडकू न देणं या दोन्ही गरजा खऱ्या आहेत. नातीला एक जाड स्वेटर आणि एक वही द्या. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळच्या धुक्यात स्पर्धा लावतात, तेव्हा स्वेटर जास्त कामाला येतो.

आता 'पास'. तुम्ही विचारलंय की एकदा बार पाडल्यावर मुली ती उंची सोडून वरची का मागतात. समजा प्रतिस्पर्धी १.९७ पहिल्याच प्रयत्नात गेली आणि हिची तिथे एक फुली पडली. आता हिने दुसऱ्या प्रयत्नात १.९७ काढलीच, तरी फुल्यांच्या हिशेबात ती मागेच. मग उरलेले दोन प्रयत्न २.०० साठी राखायचे. ते जमलं तर एकदम पुढे. नाही जमलं तर १.९७ कार्डावर नाहीच, शेवटची उंची त्याच्या खालची धरली जाणार आणि हातातलं पदकही जाऊ शकतं. यासाठी बाकीच्यांची कार्डं पाठ असावी लागतात. जिल्ह्याच्या स्पर्धेत गॅलरीतून 'पास कर, पास कर' असं ओरडणारे मास्तर बघते तेव्हा मला राग येतो. तेरा वर्षांच्या मुलीला उड्यांची गरज आहे, डावपेचांची नाही. सुरुवातीच्या एक-दोन सोप्या उंच्या सोडल्या तर हरकत नाही, पण पहिलीच उडी अवघड उंचीवर घेऊन तीन फुल्या झाल्या तर कार्डावर एकही उंची राहत नाही, हेही लक्षात ठेवा.

पहिल्या क्रमांकाची बरोबरी दोन्ही नियमांनी मोडली नाही तर पुढची पायरी म्हणजे जंप-ऑफ: एकेक उडी, दोघी पडल्या तर बार २ सेंटिमीटर खाली, दोघी गेल्या तर २ वर. दोघींनी ठरवून नको म्हटलं तर सोनंही वाटून मिळतं. पुरुषांत टोकियो ऑलिंपिकला (२०२१ मध्ये झालं ते) कतारच्या बार्शिमने आणि इटलीच्या तांबेरीने २.३७ वर तसंच केलं. पॅरिसला न्यूझीलंडचा हॅमिश केर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकइवन लढले आणि २.३६ वरची बरोबरी शेवटी २.३४ वर सुटली.

घड्याळाकडेही लक्ष ठेवायला शिकवा. तीनपेक्षा जास्त जणी उरल्या असतील तर एका प्रयत्नाला एक मिनिट, दोन-तीन उरल्या की दीड. शेवटचे पंधरा सेकंद राहिले की पंच पिवळा झेंडा वर धरतात. आपल्या मुली नाव पुकारलं की लगेच पळत सुटतात. मिनिट हक्काचं आहे, ते वापरायचं. उभं राहायचं, खुणेवर पाय ठेवायचा, मग निघायचं. आणि बार हलला तरी पडला नाही तर उडी ग्राह्य असते. कधी कधी मुलगी मॅटवरून उतरून गेल्यावरही तो थरथरत असतो आणि पंच पांढरा झेंडा उचलायचं थांबतात. वाऱ्याने पडला तर दोष तिचा नाही, तिच्या धक्क्याने पडला तर फुली.

आता फुल्या येतात कुठून. नव्वद टक्के वेळा चूक हवेत झालेली नसते, धावेत झालेली असते. फॉस्बरीची धाव इंग्रजी 'जे' अक्षरासारखी: आधी सरळ, मग शेवटची चार-पाच पावलं वळणावर. सायकल वळणावर आत कलते तसं शरीर वळणाच्या आत, म्हणजे बारपासून लांब, कलायला हवं. या कलण्यामुळेच टेक-ऑफला, म्हणजे जमीन सोडायचं शेवटचं पाऊल पडताना, शरीर ताठ होत वर फेकलं जातं आणि पाठ आपोआप बारकडे वळते. मोठ्या स्पर्धांतल्या बायका सेकंदाला सात मीटरच्या आसपास वेगाने येतात आणि टेक-ऑफचा पाय जमिनीला टेकतो तो सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळ. तेवढ्यात काही सुधारता येत नाही, जे करायचं ते आधीच्या चार पावलांत. मुली नेमकं इथेच बिघडवतात. वळण कापून सरळ बारवर धावतात, किंवा बार दिसला की पावलं बारीक करतात, किंवा टेक-ऑफच्या आधीच खांदा बारकडे टाकतात.

नातीच्या सरावाला गेलात तर बार शरीराच्या कुठल्या भागाने पडतो ते बघत जा. एवढं एक केलंत तरी अर्ध्या कोचचं काम होईल. वर जातानाच हात, खांदा किंवा गुडघा लागून पडला तर ती बारच्या फार जवळून उडाली किंवा बारकडे झुकली. उतरताना बूड किंवा मांड्यांची मागची बाजू बारवर बसली तर बहुधा लांबून उडाली आणि उडीचा माथा बारच्या अलीकडेच संपला. कंबर नीट पलीकडे जाऊन पोटऱ्या किंवा टाचा लागल्या तर उडी चांगली होती, पाय उचलायला उशीर झाला, तेवढंच. टाचेने पडलेला बार बघून मी खूश होते आणि मुलगी रडत असते.

फॉस्बरी कधी शिकवावी? मॅट असेल तेव्हा. याला अपवाद नाही. वाळूच्या खड्ड्यात कात्री मारता येते कारण पायांवर उतरतो. फॉस्बरीत मानेवर आणि खांद्यांवर उतरतो, तिथे वाळू किंवा दोन पातळ गाद्या चालणार नाहीत. मोठ्या स्पर्धांतली मॅट निदान सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सत्तर सेंटिमीटर जाड असते. तेवढी नसली तरी जाड फोम हवा आणि दोन तुकड्यांच्या मधली फट वरून कव्हर घालून बांधलेली हवी. हरियाणाच्या पूजा सिंहने लहानपणी बांबूच्या बारवर आणि पेंढा भरलेल्या पोत्यांवर सराव केला, हे सगळ्यांनी वाचलंय आणि पालक मला ते ऐकवतात. ती २०२५ ला कोरियातल्या गुमीमध्ये १.८९ जाऊन आशियाई विजेती झाली, बॉबी अलॉयशियसनंतर पंचवीस वर्षांनी भारताला हे सोनं मिळालं. कौतुक करावं तेवढं थोडं. पण तिला दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून ती पोत्यांवर उडाली, शिकवायची पद्धत म्हणून नव्हे.

तोवर कात्रीला कमी लेखू नका. रुमानियाच्या योलांडा बालाशने कात्रीच्याच प्रकाराने १९६० आणि १९६४ ची ऑलिंपिक सोनी जिंकली आणि १९६१ ला १.९१ चा विश्वविक्रम केला. सहाना कुमारीने २०१२ ला केलेला भारताचा महिलांचा राष्ट्रीय विक्रम १.९२ चा होता. कात्री वळणाच्या धावेने मारायला लावा: डाव्या पायाने उडत असेल तर बारकडे तोंड करून उजव्या बाजूने यायचं, म्हणजे टेक-ऑफचा पाय बारपासून लांबचा राहतो. मैदानावर सहा-सात मीटर त्रिज्येचं वर्तुळ चुन्याने आखा आणि तिला त्यावर दोन्ही दिशांनी पळू द्या, खांदे सैल आणि नजर पुढे ठेवून. मग आठ पावलांची धाव मोजून खूण करा आणि ती वहीत लिहा. धाव रोज तीच पडायला लागली की फॉस्बरी मॅटवर दोन-तीन आठवड्यांत येते. पूर्ण धावेच्या उड्या आठवड्यातून दोनदाच, एका वेळी पंधरा-वीसच्या वर नाहीत. या वयात हाडं वाढत असतात. गुडघ्याच्या खालच्या उंचवट्यावर दुखतं म्हणाली तर उड्या थांबवा, मलम लावून पुढे रेटू नका.

उंचीचं म्हणाल तर बुटक्या मुलीला अवघड जातं हे खरं आहे, उगाच गोड बोलत नाही. पण इटलीची अँतोनिएत्ता दि मार्तिनो १.६९ उंचीची होती आणि इनडोअरला २.०४ गेली, स्वतःच्या डोक्यावरून ३५ सेंटिमीटर. नात तेरा वर्षांची आहे, आई-वडिलांची उंची बघून आत्ताच निकाल लावू नका. आणि वजन कमी कर असं तिला कुणी सांगितलं, मग तो कोच असो की शेजारची काकू, तर त्यांचं ऐकू नका. उंच उडीत हा रोग जुना आहे. पोळी, वरण, दूध, शेंगदाणे, अंडं चालत असेल तर अंडं, पोटभर जेवू द्या. पाळी सुरू झाल्यावर तीन-चार महिने गायब झाली तर डॉक्टरांकडे न्या, 'खेळाडूंचं असंच असतं' म्हणून सोडू नका.

ग्वाल्हेरात होईल का? शिकण्यापुरतं नक्की होईल. या गावात एलएनआयपीई ही शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, १९५७ पासून देशभरातले क्रीडाशिक्षक इथे घडतात. तिथल्या माणसांशी बोलून सराव बघायला मिळाला तर न्या, मोठ्या मुलींची धाव नुसती बघूनही लहानांच्या पायात लय येते. मुलगी खेळते म्हटलं की इथे चारजण हॉकीची अकादमी सुचवतील, कारण गावात महिला हॉकीची राज्य अकादमी आहे. आणि दोनशे म्हटलं की रूपसिंग स्टेडियमवरचा २०१० चा सचिन आठवेल, दोनशे सेंटिमीटरचा बार कुणाच्या डोळ्यांसमोर येणार नाही. ते सोसावं लागेल. राज्याची ॲथलेटिक्स अकादमी भोपाळला आहे. ती १.५५-१.६० नियमित जायला लागली की त्या निवडीचा विचार करा, त्याआधी घर सोडायची घाई नको.

पुढच्या स्पर्धेला जाताना कागद-पेन न्या आणि पहिल्या पाच जणींची कार्डं तुम्ही स्वतः लिहा. नातीच्या कार्डावर उंचीपेक्षा पहिल्या प्रयत्नातले गोळे किती आहेत ते मोजा आणि दर स्पर्धेला तेच मोजत राहा. उंच उडीचे खास स्पाइक्स, ज्यांच्या टाचेलाही खिळे असतात, ते यंदा घेऊ नका. पाय वाढतोय, सहा महिन्यांत लहान होतील, आणि कात्रीसाठी मातीच्या मैदानावर साधे स्पाइक्स पुरतात.